एकदम शांत कुटुंब

आमच्याकडे पापलेट आलं की शेजारच्या तावडेकाकी दारातून हाक मारायच्या, "मज्जा आहे बाबा सेक्रेटरींकडे!" आणि आई आतून हसून म्हणायची, "या की जेवायला." एरवी आमच्याकडे बांगडा, मांदेली, रविवारी कधी कोंबडी. पापलेट मात्र पप्पा स्वतः स्टेशनजवळच्या बाजारातून निवडून आणायचे. पिशवीचं पाणी पँटीवर गळू नये म्हणून हात लांब धरून दोन जिने चढायचे, पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि आईकडे न बघता म्हणायचे, "मस्त तळ गो." आदल्या दिवशी त्यांनी तिला मारलेलं असायचं. हे मला माहीत होतं, माझ्या भावाला माहीत होतं, आणि भिंतीपलीकडच्या तावड्यांनाही माहीत होतं. आई हळद-मीठ लावून, रव्यात घोळवून ते इतकं सुंदर तळायची की आम्ही दोघं बोटं चाटून खायचो. लहान होतो, भूक लागायची. आता मी पापलेट खात नाही. सासरी सांगून ठेवलंय की मला त्याची ॲलर्जी आहे.

घाटकोपर पूर्वेला, जुन्या सरकारी वसाहतीतल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मागे एक लांबट बाल्कनी, तिला ग्रिल लावून पप्पांनी माझी अभ्यासाची जागा केली होती. पहाटे पंपाची घरघर सुरू झाली की सगळ्या मजल्यांवर पिंपांची झाकणं वाजायची. मग कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा रेडिओ, कुणाची खोकल्याची उबळ. तावडेकाकांना किती शिट्ट्यांचा भात आवडतो हे आम्हाला ठाऊक होतं, इतकी ती भिंत पातळ. तिकडचं इकडे येत होतं, म्हणजे इकडचंही तिकडे जात असणारच. आमच्या घरात आवाज चढला, भांडं आपटलं, की दोनेक मिनिटांत तावड्यांच्या टीव्हीचा आवाज वाढायचा. आधी मला वाटायचं योगायोग आहे. मग कळलं की काकी उठून रिमोट शोधतात. त्यांच्या मालिकेतली कुणीतरी सून जोरजोरात रडायची आणि आमची आई तोंडात ओढणीचा बोळा धरून गप्प असायची.

पप्पा वाईट माणूस होते असं एका वाक्यात लिहून टाकता आलं असतं तर हे प्रकरण मी केव्हाच लिहिलं असतं. त्यांचे वडील गिरणीतले, संपानंतर घरी बसलेले. पप्पांनी रात्रशाळेत शिकून मुलुंडच्या एका औषध कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी मिळवली. सोसायटीचे ते अकरा वर्षं सेक्रेटरी. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोराला दाखला हवा, कुणाला छातीत कळ आली, की "सेक्रेटरींना बोलवा." चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांना त्यांनी खुर्चीत बसवून एकट्याने खाली आणलं होतं. गुरुवारच्या भजनात पखवाज वाजवायचे. मला सायकल त्यांनीच शिकवली, सीट धरून पूर्ण मैदानभर धावले. दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्याआधी तेच रडले. आणि डाळ पातळ झाली, सासरचं कुणी आलेलं असताना आई माहेरच्यांशी फोनवर बोलली, चप्पल दारात आडवी राहिली, असल्या कशावरूनही ते उठायचे, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे आणि आईला मारायचे. आम्हाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. याचा मला लहानपणी अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवते.

माझा भाऊ समीर माझ्याहून तीन वर्षांनी लहान. (समीर हे त्याचं नाव नाही. इतक्या वर्षांनी तेवढी तरी काळजी घेते.) तो दार लोटल्याबरोबर घरातून बाहेर पडायचा. मी बाल्कनीत पुस्तकात तोंड घालून बसायची, तो चपला न घालताही जिना उतरायचा. कोपऱ्यावर जिग्नेशभाईंचं सायबर होतं. छोटा गाळा, आठ कॉम्प्युटर, एक खडखडणारा एसी, आणि काचेला आतून लावलेले काळे कागद. तिथे पोरं कानाला हेडफोन लावून एकमेकांशी गेम खेळायची. बंदुका घेऊन धावायचं, भिंतीआड लपायचं, समोरच्या टीममधल्यांना टिपायचं. एकदा आईने मला त्याला बोलवायला पाठवलं होतं. मी दार ढकललं तर समीर खुर्चीत पाय दुमडून बसला होता आणि हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारचा पोरगा त्याला शिव्या घालत होता, "साल्या, मागून मारतोस!" आणि हा हसत होता. घरात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी परत गेले आणि आईला खोटंच सांगितलं, "क्लासला गेलाय." जिग्नेशभाई त्याला म्हणायचे, "बेटा, घरे जा, मम्मी राह जोती हशे," आणि तरी अर्धा तास जास्त बसू द्यायचे. त्यांनाही थोडंफार कळत असावं.

तो रविवार होता. अकरा वाजता खाली मंडपात सोसायटीची वार्षिक सभा. सकाळपासून पप्पा कागद लावत होते. आई वड्यांचं पीठ मळत होती, कोंबडीचं वाटण भाजल्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता. मी एस. वाय.ची परीक्षा जवळ आलेली म्हणून बाल्कनीत. पावणेअकराला पप्पांनी पांढरा शर्ट अंगात घातला आणि त्याचं दुसरं बटण नव्हतं. एवढंच. आईने पिठाचे हात तसेच पुढे करून म्हटलं, "थांबा, आता लावतंय." त्यांनी दार लोटलं नाही, तेवढा धीर त्यांना नव्हता. त्यांनी तिचे केस धरले आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. तो आवाज भांड्याचा नव्हता, वेगळाच होता. पलीकडे तावड्यांचा टीव्ही मोठा झाला.

समीर नेमका तेव्हा सायबरमधून आला. दार उघडंच होतं. तो ओरडला नाही, धावलाही नाही. स्वयंपाकघरात गेला, "सोडा तिला" म्हणाला. पप्पांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि केस सोडले नाहीत. वाटणासाठी काढलेला खलबत्त्याचा लोखंडी बत्ता ओट्यावर होता. समीरने तो उचलला आणि पप्पांच्या खांद्यावर मारला. ते वळले तेव्हा दुसरा घाव डोक्याला बसला. ते आधी बसले, मग आडवे झाले. पांढऱ्या शर्टावर पीठ होतं आणि मग रक्त. माझ्या आठवणीत त्यानंतर पहिला आवाज समीरचा आहे : "तायडे, रिक्षा आण." मी खाली धावले. पप्पांना खाली त्यानेच आणलं. तावडेकाकांनी खांद्याकडून धरलं, समीरने पायांकडून, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो काकांना सांगत होता, "डोकं सांभाळा, डोकं सांभाळा." हे कुठल्याच बातमीत आलं नाही. तावडेकाकांनी सांगितलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये आईने आधी "पडले" म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी जखम बघून पोलिसांना कळवलं. आलेला हवालदार पन्नाशीचा, दमलेला, बाकावर मांडीवर वही घेऊन बसला. आईच्या कपाळाला तोवर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं आणि डावा डोळा मिटत चालला होता. तिने ओढणी पुढे ओढून घेतली होती. हवालदाराने विचारलं, "मुलगा नशापाणी करतो?"

"नाय हो साहेब. गुणी आहे."

"मग बापावर हात कसा काय टाकला?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. आत पप्पांच्या डोक्याचं ऑपरेशन चाललं होतं. मग ती म्हणाली, "तो सायबरमध्ये गेम खेळतो. त्याच्यानं डोकं फिरलं असेल."

"बंदुकीचे गेम?"

"तेच."

हवालदाराने मान हलवली, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसासारखा झाला. "माझा पण तेच खेळतो हो बाई. या गेमनी वाट लावलीये पोरांची." त्याने लिहून घेतलं. तो खोटारडा नव्हता. त्याला एक कारण हवं होतं आणि आईने त्याला ओळखीचं कारण दिलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, हे काय सांगितलंस?" तेव्हा ती मालवणीत आली, जे ती घराबाहेर फक्त घाबरल्यावर करायची. "गप रव गो तू. तेंचा नाव गेला तर आपण खंय जाऊचा? नोकरी जायत तेंची. तुझा लगीन कोण करतला? झील लहान आसा, सोडतले तेका. गेमाचा काय जाता?"

मुलगा लहान आहे, सुटेल; गेमाचं काय जातं. तिचा हिशेब अगदीच चुकीचा होता असं आजही म्हणवत नाही. ज्याला कुणी आईबाप नाही अशा एका गोष्टीवर तिने सगळं टाकलं होतं.

ती गोष्ट पोलीस स्टेशनातून चॅनेलपर्यंत कशी गेली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गेटसमोर डोक्यावर छत्रीसारखी डिश लावलेली गाडी उभी होती आणि अख्खी वसाहत गॅलरीत. समीरला आदल्या संध्याकाळीच नेलं होतं. मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवणार, एवढंच कळलं होतं. आमच्या दारात एक रिपोर्टर आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, घामेजलेली, थकलेली, बोलायला अतिशय गोड. तिने आईचा हात हातात घेतला. "काकी, तुमचा चेहरा दाखवणार नाही आम्ही. मुलगा अल्पवयीन आहे ना, नियम आहे. ओढणी घ्या तोंडावर." आईला आणखी काय हवं होतं! तिने ओढणी नाकापर्यंत ओढली. पण ओढण्याआधी त्या बाईने तिचं कपाळ पाहिलं होतं. डोळाही पाहिला होता.

मी आत जाऊन ड्रेस बदलला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाप बेशुद्ध, भाऊ कोंडलेला, आणि मी कपाटातून निळा, कशिदा केलेला ड्रेस काढला, केस विंचरले. टीव्हीवर येणार होते ना.

तिने सोपे सोपे प्रश्न विचारले. किती तास खेळायचा? मी म्हटलं, दोन, कधी तीन. "म्हणजे शाळा-कॉलेज बुडवून?" कधी कधी. "गेम बंद करायला सांगितलं तर चिडायचा?" कोण चिडत नाही, असं माझ्या मनात आलं, तोंडातून "थोडासा" आलं. आई शेजारी बसून माझा दंड धरून होती. मग रिपोर्टरने माईक जवळ आणला, आवाज खाली घेतला आणि विचारलं, "आणि आईच्या कपाळाला हे लागलंय, हे पण त्यानेच?"

आईची बोटं माझ्या दंडात रुतली. मला तेव्हा हेही जाणवलं की या बाईला उत्तर माहीत आहे. ती बाई होती, तिने आईचा डोळा बघितला होता, तो कालचा होता आणि त्याखाली पिवळं पडलेलं आधीचंही होतं. ती एक क्षण थांबली. मी नाही म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं, हा प्रश्न मी अनेक वर्षं घोळवला. त्याचा उपयोग नाही. मी "हो" म्हटलं.

संध्याकाळी आम्ही बातमी तावड्यांकडे पाहिली. आमचा टीव्ही लावायची आईची हिंमत नव्हती. काकींनी चहा आणि खारी ठेवली. पडद्यावर आधी बंदुकीच्या फैरी झडल्या, मग लाल अक्षरं आली : "गेमने घेतला बापाचा घास!" बाप जिवंत होता, पण घासाला प्रश्नचिन्हसुद्धा लावलं नव्हतं. काळा टोपीवाला झगा घातलेला कुणी नट अंधारात कीबोर्ड बडवत होता, मग तोच हातात हातोडा घेऊन चालत येत होता. बत्ता त्यांना पुरेसा वाटला नसावा. स्टुडिओत एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी आणि कुठल्याशा पालक संघटनेच्या बाई एकाच वेळी बोलत होते. "हिंसा यांना शिकवतं कोण?" निवेदक टेबलावर हात आपटून विचारत होता. "हा सोळा वर्षांचा मुलगा हिंसा शिकला कुठे?" मी चहा धरून बसले होते. ज्या भिंतीला टेकून बसले होते, तिच्यापलीकडे आमचा ओटा होता.

मग मी आले. माझ्या चेहऱ्यावर चौकोन चौकोन टाकले होते. ड्रेस तेवढा स्पष्ट दिसत होता, आणि आवाज जसाच्या तसा. "आईलाही त्यानेच?" "हो." ते "हो" त्यांनी तीन वेळा दाखवलं, तिसऱ्यांदा सावकाश करून. त्यानंतर गेटजवळ उभे असलेले तावडेकाका आले. शर्ट इन करून, हात मागे बांधून म्हणत होते, "एकदम शांत कुटुंब. सतरा वर्षं शेजारी आहोत, कधी आवाज नाही. सेक्रेटरींसारखा देवमाणूस नाही." काका स्वतःला टीव्हीवर बघत होते आणि हातातल्या रिमोटने त्यांनी आवाज कमी केला. काकींनी पदराने डोळे पुसले. आईच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, गेमवर गेलं." आईने मान हलवली. त्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही सगळं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी गळ्यात पक्षाची उपरणी घातलेली दहा-बारा माणसं आली आणि त्यांनी जिग्नेशभाईंचं सायबर फोडलं. कॅमेरा बरोबर होता. आठही मॉनिटर रस्त्यावर आणून आपटले. जिग्नेशभाई फुटपाथवर उभे राहून हात जोडत होते, "मैंने क्या किया, भाई, मैंने क्या किया?" त्यांनी मला गर्दीत पाहिलं. महिन्याभराने त्या गाळ्यात फरसाणचं दुकान आलं. ते कुठे गेले ते मी चौकशी करून शोधू शकले असते. केली नाही.

समीरला भेटायला आम्हाला दहा दिवसांनी परवानगी मिळाली. लांब बाकाच्या पलीकडे तो बसला. केस बारीक कापलेले, ओठ फुटलेला. आईने डब्यातून घावणे नेले होते, ते बाहेरच ठेवून घेतले. ती रडत राहिली, तो तिच्या कपाळाकडे बघत होता. "बरं झालं का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "झाला रे बाबा, झाला." मग तो माझ्याकडे वळला.

"इकडे हॉलमध्ये टीव्ही आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं. पोरं मला गेमर म्हणतात. आईला मारणारा म्हणतात." मग म्हणाला, "तुझा तो निळा ड्रेस होता ना?"

मी काहीतरी पुटपुटले. पप्पांची नोकरी, वकील म्हणतात तसंच ठेवा, तू लवकर सुटशील. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी इथल्या मॅडमना खरं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. त्या म्हणाल्या, तू वडिलांवर ढकलतोयस, जोपर्यंत तू स्वतःची चूक कबूल करत नाहीस तोपर्यंत सुधारणा नाही." आणि मग, सोळा वर्षांच्या पोराला न शोभणाऱ्या शांतपणे : "आता मी पण गेमच सांगतो." त्याने तसंच केलं. गेमचं व्यसन होतं असं तो लिहून देऊ लागला, चित्रं काढू लागला, प्रार्थनेला उभं राहून माफी मागू लागला. त्याच्यात चांगली सुधारणा आहे असा अहवाल गेला आणि चार महिन्यांनी तो सुटला. सुटला तो घरी आला नाही. आईने त्याला परस्पर मामाकडे देवगडला पाठवलं. "हय नको," ती म्हणाली, "तेका बघून ह्यांचा बीपी वाढात."

कारण पप्पा बरे होऊन घरी आले होते. बोलताना जीभ थोडी अडखळायची, उजव्या हातात जोर राहिला नव्हता, पखवाज सुटला. कंपनीने बसून करायचं काम दिलं. आणि ते मोठे झाले. जवळच्या एका शाळेने त्यांना पालकसभेत बोलावलं, मग दुसऱ्या शाळेने, मग एका मंडळाने गणपतीत. "मुलं, मोबाईल आणि संस्कार" असले विषय असायचे. मी एकदा सोबत गेले होते. ते माईकसमोर उभे राहिले, डोक्यावरचा व्रण दिसेल असे किंचित झुकून, आणि अडखळत म्हणाले, "मी माझ्या मुलाला माफ केलं आहे. दोष त्याचा नाही, त्या गेमचा आहे." बायका रडल्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मला आजही सांगता येणार नाही की ते तेव्हा नाटक करत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते नारळ आईने घरी आल्यावर फोडून सोलकढीला वापरले. डाव्या हाताने मारायला शिकायला त्यांना सहा-सात महिने लागले.

मी बी. कॉम. झाले, एका पतपेढीत लागले, लग्न झालं, मुलुंडला आले. लग्नात समीर नव्हता. आईच्या हिशेबातलं हे एक कलम बरोबर निघालं, माझं लग्न व्यवस्थित झालं. सासूबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "भावाचं ते गेमचं प्रकरण... बरा आहे ना आता?" तेव्हा मी म्हटलं, हो, बरा आहे.

दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले. तेराव्याचं जेवण आटोपल्यावर मी आणि आई भांडी आवरत होतो. समीर आला नव्हता, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, आता काय उरलं? आता तरी सगळ्यांना खरं सांगूया. त्याला घरी आणूया." तिने हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. "काय खरा?"

"पप्पा तुला मारायचे ते. त्या दिवशीचं."

"रागीट होते ते," ती म्हणाली. "पण तेका गेमानच बिघडवल्यान गो. नायतर माझो झील असो नव्हतो. माका मारल्यान तेणा, झिलान." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना तिच्या नाकपुड्या किंचित फुगतात, जन्मभर मी ते पाहत आले होते. तशा त्या फुगल्या नव्हत्या. पुन्हा पुन्हा सांगून सांगून तिला आता तेच आठवत होतं. तिच्या त्या आठवणीला माझी साक्ष होती.

मी त्या चॅनेलला फोन केला. बातमीची ती क्लिप अजून इंटरनेटवर आहे. शाळांना सुट्टी लागली की दरवर्षी कुठूनतरी फिरत येते. पाच-सहा जणांकडे फिरवल्यावर एक तरुण मुलगा भेटला, आवाजावरून पंचविशीचा. मी त्याला सगळं सांगितलं : मीच ती मुलगी, मी खोटं बोलले, वडील आईला मारायचे, भावाने तिला वाचवलं. त्याने मला एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण घरात नवरा बायकोला मारत होता, यात आता बातमी काय करणार?" क्लिप काढण्यासाठी त्याने एक ईमेलचा पत्ता दिला. मी तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी नालासोपाऱ्याला गेले. समीर तिथे राहतो, एसी दुरुस्तीची कामं घेतो. मामाकडून तो दोनच वर्षांत परतला होता, आमच्यापासून लांबच्या टोकाला. त्याचं लग्न झाल्याचं मला इतरांकडून कळलं होतं. दार त्याच्या बायकोने, प्रणालीने उघडलं. आठ वर्षांचा मुलगा जमिनीवर बसून चित्र रंगवत होता. समीर जाड झालाय, केस पातळ झालेत. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पंखा वाढवला. पप्पांबद्दल "कळलं" एवढंच म्हणाला. "आई काय म्हणते?" त्याने विचारलं. मी तेराव्याचं ते बोलणं सांगितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हातारी झाली ती. तिला राहू दे. तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "पप्पांनी तिचं डोकं ओट्यावर आपटलं. तू तिला हातही लावला नाहीस. मी टीव्हीवर खोटं बोलले, आणि नंतर गप्प बसले. मला माफ करू नकोस, पण मला ते तुझ्यासमोर बोलायचं होतं."

तो काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून प्रणालीचा आवाज आला. "म्हणजे यांनी आईंना मारलं नव्हतं?"

समीरने मान वर केली नाही. "लग्नाआधी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "तूच मग क्लिप दाखवलीस."

ती तिथेच उभी राहिली. तिच्या हातात पोळीची कणीक होती, ती तशीच दाबत राहिली. मुलगा आमच्याकडे एकेकाकडे बघत होता. समीर उठला, मुलाला म्हणाला, "चल, खाली जाऊन अंडी आणू." प्रणालीने सवयीने तोंड उघडलं, हात पुढे झाला, आणि मग तिने तो मागे घेतला. बापलेक गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती ऐकत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी माझ्या पोराला यांच्याजवळ कधी एकटं सोडलं नाही. आठ वर्षं. माहेरी गेले तरी सोबत नेलं. ते कधी काही बोलले नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दारात जाऊन उभी राहिली, आणि कठड्यावरून खाली वाकून ती दोघं कुठवर गेली ते बघू लागली.